गोधडीला मऊ, लवदार अस्तर लावायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या सुती नऊवारी साड्यांची, एका माणसाला पुरेल एवढी गोधडी शिवायची आहे. वरची बाजू साडीच्या तुकड्यांची, पण मागची बाजू सुती कापडाऐवजी मिंकी, फ्लीस किंवा शेर्पासारख्या मऊ कापडाची हवी. आधी एकदा करून पाहिलं तेव्हा अस्तर सरकलं, मधोमध झोळ आला, कडेला लाटा पडल्या आणि वापरता वापरता दोन-तीन ठिकाणी टीप तुटली. कापड कोणतं घ्यावं, आत थर किती ठेवावेत, आणि हाताने धावदोरा घातला तर चालेल का?

हाताने चालेल, उलट हाताने जास्त चांगलं होईल. पण आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. साडीचं कापड मागावरचं, ताण्याबाण्याचं. ते उभं-आडवं फारसं ताणत नाही. मिंकी, फ्लीस, शेर्पा, खेळण्यांना वापरतात ते वेलबोआ, ही सगळी बनियनसारख्या होजिअरी विणीची कापडं आहेत. ती रुंदीत बरीच ताणतात, लांबीत थोडी. शिवाय त्यांच्यावर ब्रशसारखी लव असते, त्यामुळे वरचा थर त्यांच्यावर बसत नाही, तरंगतो. ताणलेल्या अवस्थेत अस्तर शिवलं, तर टाका पडल्यावर ते मूळ मापाला परत येतं आणि गोधडी आक्रसते. सैल धरलं, तर सुईपुढे ढकललं जातं आणि शेवटी कुठेतरी झोळ होऊन साचतं. म्हणून अस्तर ना ओढायचं, ना लोटायचं. ते जमिनीवर निजलेलं असतानाच कच्च्या टाक्यांनी पकडायचं आणि पुढचं सगळं काम ती पकड न सोडता करायचं.

आता कापड. दुकानात नावांचा गोंधळ असतो. कुणी प्रत्येक लवदार कापडाला ‘फर’ म्हणतं, कुणी ‘सॉफ्टी’, कुणी ‘मिंक’. नावावर जाऊ नका, हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. पहिली, कापड सुलट बाजू वर ठेवून बोटावर दुमडा. दुमडीत खालची जाळी उघडी दिसली तर लव विरळ आहे, काही धुण्यांत ती आणखी विरळ होईल. दुसरी, तळहाताने एकाच जागी ३०-४० वेळा जोरात घासा. बारीक गोळ्या धरल्या तर ते कापड अंथरुणासाठी घेऊ नका. तिसरी, आडवं ताणून सोडा. लगेच मूळ मापाला आलं तर ठीक. ताणलेलंच राहिलं तर कडेला लाटा येणार हे नक्की धरा.

पहिल्याच गोधडीसाठी सर्वांत सोपं म्हणजे साधं फ्लीस, दोन्ही बाजूंनी घासलेलं, साधारण २०० ते २२० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन. त्याची लव आखूड आणि दाट असते, ते कमी सरकतं, कापल्यावर केस कमी सांडतात. मिंकी याहून मुलायम, पण ३ मिलिमीटरच्या आतली लव असलेलीच घ्या. ठिपके उठवलेली मिंकी दिसायला छान, पण ठिपक्यांमुळे सुई तिरकी जाते आणि रेघ सरळ धरायला त्रास होतो. शेर्पा, म्हणजे मेंढीच्या लोकरीसारखे गुंजे असलेलं कापड, ऊबदार असतं पण जाड आणि केस गाळणारं. धावदोऱ्याच्या गोधडीला मी ते सुचवणार नाही. त्याला गाठी मारून जोडणं बरं, ती पद्धत पुढे येईल.

मखमलीचा मोह बऱ्याच जणींना होतो. सजावटीला, मंडपाला वापरतात ते चमकदार स्वस्त मखमल अंथरुणाला निरुपयोगी आहे. रंग जातो, लव चेपली की पुन्हा उठत नाही. पडद्याचं पॉलिस्टर वेल्वेट टिकाऊ असतं, पण जड आणि घसरडं.

आणि फ्लॅनेल, म्हणजे जुन्या पिढीचं फलालीन. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत बाकी सगळ्यांआधी याचाच विचार करा. मिंकी-फ्लीस बहुधा पॉलिस्टरचं असतं आणि पॉलिस्टर घाम शोषत नाही. पंख्याखाली झोपणाऱ्याला मिंकीच्या गोधडीत मध्यरात्री गुदमरल्यासारखं होतं आणि मग ती गोधडी कपाटात जाते. फ्लॅनेल सुती आहे, मागावरचं आहे, त्यामुळे वर सांगितलेली सरकण्याची अडचण जवळजवळ नाही. त्याचा दोष वेगळा: ते आटतं, शंभरात पाच इंच किंवा जास्तही. तेव्हा ९० इंच लागणार असेल तर १०० इंच घ्या, कोमट पाण्यात दोनदा धुऊन वाळवा आणि मगच कापा. नाशिक, पुणे, महाबळेश्वर, विदर्भातला हिवाळा, किंवा एसी लावून झोपणारं घर, तिथे फ्लीस-मिंकीची ऊब खरी उपयोगाला येते. परदेशातल्या मुलाला पाठवायची गोधडी असेल तर पॉलिस्टर अस्तर सोयीचं, तिथे घर तापवलेलं आणि हवा कोरडी असते. फक्त हीटरच्या जवळ ठेवू नको म्हणून सांगा.

कापड आणताना हिशेब असा धरा. गोधडीचं तयार माप ५४ × ८४ इंच. मिंकी-फ्लीसचा पन्ना बहुधा ५८ ते ६० इंच असतो. घरी शिवताना अस्तर चारही बाजूंनी किमान २ इंच जास्त लागतं, म्हणजे ५८ × ८८. लांबीला २.५ मीटर पुरतं, रुंदी एका पन्न्यात जेमतेम बसते. किनारीची घट्ट पट्टी मात्र कापून टाका. ती कापडाबरोबर ताणत नाही, ठेवली तर कडेला चुण्या पाडते. पन्ना ५८ च असेल आणि किनार कापून ५६ उरत असेल तर गोधडी ५२ इंच रुंद करा. जोड देण्यापेक्षा ते बरं.

मोठी गोधडी, समजा ९० × १००, करायची तर जोड टळत नाही. उभा जोड घेतला तर १०४ इंचाचे दोन तुकडे, म्हणजे जवळपास ५.५ मीटर. आडवा जोड घेतला तर ९४ इंचाचे दोन, ५ मीटरच्या आत भागतं. पण आडव्या जोडात लव डोक्याकडून पायाकडे न पडता कुशीला पडते, आणि कापडाचा ताणही गोधडीच्या लांबीत येतो, वाळत घातली की ती खाली ओघळते. अर्धा मीटर कापड वाचवून हे पदरात घेण्यात अर्थ नाही. उभाच जोड घ्या, दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवा, नाहीतर एकाच रंगाचे दोन पट्टे दिसतील. जोडाला अर्धा इंच दाब, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, सोडा. पाव इंच सोडलात तर लवीच्या जाडीत टीप काठावरून निसटते. जोड उघडून सपाट करा आणि बोटाने दाबा. इस्त्री नाही.

तयार फ्लीस ब्लँकेट अस्तर म्हणून वापरता येईल का, असंही पुष्कळ जण विचारतात. येईल. एकेरी फ्लीस ब्लँकेट साधारण ६० × ९० इंचाचं असतं, जोडाची कटकट मिटते. त्याच्या कडेची दुमड आधी कापून टाका, ती ठेवली तर गोटाखाली दोरखंडासारखी जाडी येते. पानिपतच्या कारखान्यांतून येणारी दोन पदरी मिंक ब्लँकेटं मात्र या कामाची नाहीत. त्यांचं वजनच काही किलो, वर साड्यांचे थर घातले तर ती गोधडी धुणार कोण?

वजनाचा विषय निघालाच आहे तर आतल्या थरांचं बोलू. नऊवारी साडी सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद. ५४ × ८४ इंचाच्या गोधडीचं क्षेत्र जवळपास तीन चौरस मीटर. म्हणजे एका साडीत, जोड देऊन, तीन थर निघतात. नेहमीच्या गोधडीत दोन साड्या सहज खपतात. मऊ अस्तर लावताना तसं करू नका. २२० जीएसएमचं अस्तर एवढ्या मापाला ६५० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि दोन सुती थरांपेक्षा जास्त ऊब देतं. तेव्हा वरची तुकड्यांची बाजू, मध्ये साडीचा एक, फार तर दोन थर, आणि खाली अस्तर, एवढं पुरे. एकूण वजन दीड किलोच्या आसपास राहतं. रजईसारखं पॉलिस्टरचं फुगीर भरण मध्ये अजिबात नको. फुगीर भरणावर लवदार कापड म्हणजे दोन्हीकडून सरकणारे थर.

मधला थर पूर्ण काढूनही चालतं, पण मग दोन गोष्टी पाहा. फिकट साडीखाली गडद अस्तर असेल तर रंग वर झिरपल्यासारखा दिसतो. दुसरं म्हणजे सुईबरोबर अस्तराचे केस वर येतात, पांढऱ्या साडीवर काळ्या मिंकीचे केस टाक्याटाक्याला उभे राहतात आणि ते धुऊन जात नाहीत. मध्ये एक सुती थर असला की हे बरंच कमी होतं.

साड्यांची निवड करताना कापड उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, तो मधल्या थरात टाका, वर पदराकडचा आणि काठाजवळचा भाग घ्या. जुन्या साड्या वर्षानुवर्षं धुऊन आटून गेलेल्या असतात, त्यांची काळजी नाही. पण वर एखादं नवं सुती कापड मिसळत असाल तर ते आधी धुवा. पॉलिस्टर अस्तर आटत नाही, वरचं आटलं की गोधडी वाटीसारखी वळते. नायलॉन किंवा जॉर्जेटच्या साड्या या गोधडीत नकोत, घसरड्यावर घसरडं होतं.

कापण्याआधी हात फिरवून लवीची दिशा ठरवा. गुळगुळीत लागते ती दिशा डोक्याकडून पायाकडे. अस्तराच्या उलट बाजूला खडूने बाण काढा, दहा मिनिटांनी आठवत नाही. कापायचंही उलट बाजूनेच, कात्रीचं टोक फक्त विणीखाली सरकवत, म्हणजे लव कापली जात नाही आणि केस कमी उडतात. तरी उडतातच. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर गच्चीत कापा, तोंडाला रुमाल बांधा. कापून झालं की कडेवर रुंद चिकटपट्टी दाबून ओढून घ्या, सुटे केस निघून येतात. हे आत्ता केलं नाही तर तेच केस पुढे मशीनच्या शटलमध्ये सापडतील.

आता अंथरणं. फरशी झाडून पुसून कोरडी करा. सतरंजीवर किंवा गादीवर हे काम होत नाही, खालचं कापडच हलतं. अस्तर उलट बाजू वर करून पसरा, तळहाताने मधून बाहेर सारखं करा आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या. गुंडाळलेल्या ठाणातून काढलेलं होजिअरी कापड थोडं ताणलेलं असतं, त्याला मूळ मापाला यायला वेळ लागतो. मग कडेला दर सहा इंचांवर कागदी चिकटपट्टी लावून फरशीला टेकवा. सुती अस्तर असतं तर आपण चारी कोपरे ओढून ताठ करतो. इथे नेमकं ते करायचं नाही. पट्टी लावल्यावर अस्तरावर बोट टेकवून किंचित सरकवा. कापड बोटाबरोबर थोडंसं आलं पाहिजे. ढोलासारखं ताठ असेल तर सोडून पुन्हा लावा.

त्यावर मधला थर, त्यावर इस्त्री केलेली वरची बाजू. इस्त्री काय करायची ती आत्ताच, थर एकत्र झाले की नाही. मग कच्चे टाके. पहिली ओळ मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, आणि मग प्रत्येक चतकोरात मधून बाहेर. टाका दोन इंचांपर्यंत लांब चालेल, ओळींतलं अंतर मात्र ४ इंच, म्हणजे साधारण एक मूठ. सुती गोधडीला वीतभर अंतर चालून जातं, इथे नाही. कच्च्या टाक्यांत वाचवलेला एक तास उसवण्यात तीन तास होऊन परत येतो. मशीनवर शिवणार असाल तर वाकड्या सेफ्टी पिनाही चालतात, त्याच अंतराने. टाचण्या नकोत, लवीत हरवतात आणि पुढे कुणाच्या तरी पाठीत टोचतात.

पुढच्या गोष्टीत आपली परंपरागत पद्धत आणि हे अस्तर यांचं जमत नाही, आणि तुमच्या गोधडीच्या मधोमध आलेला झोळ तिथूनच आला असणार. गोधडीचा धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करत आत जातो. सुती थरांवर ते उत्तम, कारण प्रत्येक टाक्यात थोडं थोडं कापड गोळा होत जातं आणि त्या बारीक सुरकुत्याच गोधडीची शोभा असतात. होजिअरी अस्तर तसं टाक्याटाक्यात मुरत नाही. ते लाटेसारखं पुढे पुढे सरकतं, आणि आपण चारही बाजूंनी कोंडत आत आल्यावर त्याला जायला जागा उरत नाही. म्हणून एकाच वेळी सगळे थर शिवणार असाल तर मधून सुरुवात करा आणि बाहेर या.

पण दाट धावदोऱ्याचीच गोधडी हवी असेल, आणि नऊवारीच्या गोधडीला तो शोभतो हे खरं, तर त्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत माझ्या मते सर्वांत चांगली. पहिल्या टप्प्यात अस्तर बाजूला ठेवा. वरची बाजू आणि साडीचे एक-दोन थर घेऊन नेहमीची गोधडी पूर्ण करा, कडेकडून आत, हव्या तितक्या जवळ ओळी घालून. दाट धावदोऱ्याने ती दोन्ही मापांत काही इंच आखडते. म्हणून आता तिचं माप घ्या आणि मग अस्तर कापा. दुसऱ्या टप्प्यात ही तयार गोधडी अस्तरावर पसरून, वर सांगितल्यासारखे कच्चे टाके घालून, ४-४ इंचांवर फक्त पकडीचे टाके घाला. यात तीन फायदे आहेत. दाट शिवण अस्तरावर येत नाही, त्यामुळे त्याची लव दबत नाही. ज्या मऊपणासाठी एवढा खटाटोप, तो अर्ध्या इंचाच्या ओळींनी चेपून टाकण्यात काय हशील? दुसरं, अस्तर कमी टाक्यांत बसतं म्हणून झोळ येत नाही. तिसरं, चार-पाच वर्षांनी अस्तर गोळे धरून खराब झालं की तेवढंच उसवून नवं लावता येतं. आजीच्या साडीची बाजू शाबूत राहते.

पकडीचे टाके दोन प्रकारे घालता येतात. एक म्हणजे धावदोऱ्याच्या ओळी, ३ ते ४ इंचांच्या अंतराने. दुसरं म्हणजे गाठी. भरतकामाच्या लडीचे सहाही पदर ओवून, वरून खाली, खालून वर असा तीन मिलिमीटरचा टाका दोनदा एकाच जागी, आणि वर चौकोनी गाठ, टोकं पाऊण इंच ठेवून. शेर्पाला आणि लांब लवीच्या कापडाला गाठीच बऱ्या.

हाताने शिवताना सुई दाभणासारखी जाड घेऊ नका. जाड सुई लवीचे केस ओढून वर आणते. ७ किंवा ८ नंबरची साधी टोकदार सुई, लडीचे तीन पदर, आणि दोरा हातभरापेक्षा जास्त नाही, ४५-५० सेंटिमीटर. लवीवर घासून लांब दोरा पिंजतो. टाका वरून ४-५ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाका मागच्या बाजूला लवीत पूर्ण बुडतो, आणि बुडाला की ओळ चुकली ते कळत नाही.

सर्वांत मोठी फसगत इथेच होते: सुईने खालची वीण पकडलीच नाही, नुसती लव पकडली. वरून टाका नीट दिसतो, पण धरलेलं काहीच नसतं, पहिल्या धुण्यात ती ओळ सुटते. खालचा हात अस्तराखाली ठेवा, सुईचं टोक बोटाला टोचलं पाहिजे, नुसतं जाणवून पुरत नाही. एका वेळी सुईवर दोनच टाके घ्या. आणि प्रत्येक दोरा संपताना, गाठ मारण्याआधी, शिवलेल्या ओळीची दोन टोकं हातात धरून हलकेच ताणा. दोरा जेवढा आत ओढला जाईल तेवढी ढील त्याला हवीच होती. ही ढील ठेवली नाही तर कुणी झोपेत पांघरूण ओढलं की अस्तर ताणतं, दोरा ताणत नाही आणि तुटतो.

मशीनवर टीप तुटण्याचं कारणही तेच. मशीनला वर-खाली दोन्हीकडे पॉलिस्टर दोरा घाला, सुती नको. टीप लांब ठेवा, साडेतीन मिलिमीटर, म्हणजे इंचाला सात टाके. वरचा ताण नेहमीपेक्षा थोडा सैल. सुई १४ नंबरची बॉलपॉइंट, तिचं टोक गोलसर असतं, विणीचे धागे न तोडता बाजूला सारून जातं. साध्या टोकदार सुईने टाके गळत असतील तर आधी सुईच बदला. वॉकिंग फूट मिळाला तर जरूर लावा, तो वरचा थर खालच्या दातांबरोबरच पुढे नेतो. नसेल तर मशीनच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा. कडेच्या लाटा बहुतेक वेळा याच दाबाने पडतात: पाय दाबतो, दाते ओढतात, होजिअरी कापड मधल्या मध्ये ताणलं जातं.

पहिली ओळ मधली, मग तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर जात पुढच्या, आणि प्रत्येक ओळ एकाच काठाकडून सुरू करा. एक ओळ खाली, दुसरी वर अशा उलटसुलट घातल्या तर दोन ओळींमधलं कापड तिरकं ओढलं जातं आणि धुतल्यावर तिरप्या चुण्या दिसतात. गोधडीचं वजन टेबलावर किंवा खुर्चीवर टेकवलेलं असू द्या. ती लोंबली की तिचंच वजन अस्तर ताणतं. प्रत्येक बॉबिन संपली की शटल काढून ब्रशने साफ करा, या कापडाला ते प्रत्येक वेळी लागतं.

शिवण संपल्यावर जास्तीचे थर कापायच्या आधी, गोधडीच्या अंतिम कडेच्या पाव इंच आतून चारही बाजूंनी एक लांब टीप मारा. तिने लव चेपते आणि कड हलत नाही. मग कापा, मग गोट लावा. गोट सुतीच हवा, साडीच्या काठाचाही छान दिसतो. अडीच इंच रुंद पट्टी उभी दुमडून दुहेरी करा, पाऊण सेंटिमीटरऐवजी पूर्ण एक सेंटिमीटर दाबाने शिवा आणि मागे वळवून हेमटाक्याने बसवा. ५४ × ८४ ला परिघ २७६ इंच, कोपरे-जोड धरून २८८. ४४ इंच पन्न्याच्या सात पट्ट्या लागतात, म्हणजे अर्धा मीटर कापड. अस्तरच पुढे वळवून त्याचाच गोट करायची पद्धतही आहे. होजिअरी कापडाला सुतं सुटत नाहीत म्हणून ते एकपदरी वळवलं तरी चालतं. पण हनुवटीपाशी रोज घासून ती कड लवकर गोळे धरते. सुती गोट झिजला तर बदलता येतो.

तुमच्या हातात आत्ता असलेली झोळाची गोधडी सगळी उसवू नका. झोळ जिथे आहे त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी, झोळापलीकडे सहा इंचांपर्यंत उसवा. उलटी करून फरशीवर पसरा, अस्तर हाताने बाहेरच्या बाजूला सारखं करा. जास्तीचं कापड एक इंचाच्या आत असेल तर चार ओळींत वाटून जाईल. त्याहून जास्त असेल तर गोट उसवून त्या बाजूची कड मोकळी करा आणि जास्तीचं तिथून बाहेर काढून कापा. जिथे टीप तुटली तिथे तुटलेल्या जागेच्या दोन इंच आधीपासून दोन इंच पुढेपर्यंत पॉलिस्टर दोऱ्याने पुन्हा घाला. कडेच्या लाटा मात्र गोट काढल्याशिवाय जात नाहीत. गोट काढून, कडेवरून सैल धावदोरा घालून, तो ओढत कड मूळ मापाला आणून पुन्हा गोट लावा.

बाळासाठी म्हणून मऊ अस्तराचं दुपटं करणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना असं मऊ, सुटं पांघरूण देऊ नये, तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. जागं असताना, कुणी समोर असताना खाली अंथरायला ते वापरा. आणि चूल, शेकोटी, देवघरातली समई यांच्या जवळ कुठलीही लवदार गोधडी नको. लव घासलेलं सुती कापड ठिणगीने झटकन पेटतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण, सॉफ्टनर नाही. सॉफ्टनरचा थर लवीवर बसून ती चिकट आणि चपटी होते. धोपटणं नाही, पिळणं नाही. बादलीतून काढून आधी मोरीच्या कठड्यावर अर्धा तास पाणी निथळू द्या, कारण पाणी अस्तरात नाही, आतल्या साडीत साठतं, आणि तशीच दोरीवर टाकली तर त्या वजनाने अस्तर ताणलं जाईल. मग दोन समांतर दोऱ्यांवर, साडीची बाजू उन्हाला आणि लव खाली, अशी पसरून वाळवा. अस्तर हाताला कोरडं लागतं तेव्हा आतला थर ओलाच असतो. पावसाळ्यात ती घाईने घडी घालून ठेवली की कुबट वास धरते, म्हणून घडी करण्याआधी गोटाच्या कोपऱ्याला बोटांनी चिमटा घेऊन पाहा, सगळ्यात शेवटी तोच वाळतो. वाळल्यावर लव चिकटून बसल्यासारखी वाटली तर कपड्यांच्या मऊ ब्रशने डोक्याकडून पायाकडे एकदा विंचरा. इस्त्री तेव्हाही नको.